भोंगा

पहिल्या बाकावरच्या त्या पोरीने व्याकरणाच्या बाईंच्या नाकी नऊ आणले होते. मागून कुणी काही बोललं की ही लगेच तेच मोठ्याने पुन्हा म्हणे. "बाई, ती म्हणतेय क्रियापद!" "बाई, त्याला पाणी प्यायला जायचंय!" का, बाकीच्यांना तोंडं नव्हती? बाईंनी तिचं नाव भोंगा ठेवलं, दोनदा वर्गाबाहेर उभं केलं, पण पोरगी ढिम्म.

आधीच बाईंना आपलं दुखणं थोडं नव्हतं. वर्षभरात दोन्ही कान जवळजवळ गेले होते. घरी धाकटी बहीण ओरडून ओरडून वैतागली होती. शाळेत मात्र बाईंनी ताकास तूर लागू दिली नव्हती. चित्रकलेच्या सरांची नजर अधू झाली, तेव्हा मोठ्या बाईंनी त्यांना आठवड्याच्या आत घरी बसवलं होतं. बाईंच्या नोकरीची अजून सहा वर्षं बाकी होती. झाकली मूठच बरी.

सोमवारी बाईंचा पारा चढला. "जा, शेवटच्या बाकावर तोंडाला कुलूप लावून बस!"

आणि नेमक्या त्याच तासाला मोठ्या बाई तपासणीला येऊन मागे बसल्या.

बाईंनी खिडकीजवळच्या मुलाला 'गोड'चा विरुद्धार्थी शब्द विचारला. त्याचे ओठ हलले.

"शाब्बास," बाई म्हणाल्या.

वर्ग पोट धरधरून हसू लागला. मोठ्या बाईंनी तोंडापुढे पेन धरून काहीतरी विचारलं. बाई नुसत्याच हसल्या.

"बाई, तो 'माहीत नाही' म्हणाला!" शेवटच्या बाकावरून भोंगा वाजला. "आणि मोठ्या बाई विचारतायत, शाब्बास कशाबद्दल?"

तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. ही पोरगी आजवर स्वतःचं उत्तर कधी ओरडलीच नव्हती. बाईंना स्वतःचाच भयंकर राग आला.

मोठ्या बाई तिचा दंड धरून तिला दाराकडे ओढू लागल्या.

"सोडा तिला!" बाई म्हणाल्या. "ती माझ्यासाठी ओरडते. मला ऐकू येत नाही."

मोठ्या बाई थांबल्या. बाईंकडे पाठ ठेवूनच दोन-तीन वाक्यं बोलल्या. बाईंनी भोंग्याकडे पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटले होते आणि मान खाली घातली होती.

"आता का दातखीळ बसली?" बाई खेकसल्या. "बोल की गं!"