भोंगाकाकांच्या घरगाडीमागचा जनरेटर

मी एक जुना जनरेटर आहे, मित्रांनो. नारिंगी अंग, दोन चाकं, ओढायला एक दांडा आणि सुरू करायला एक दोरी, एवढाच माझा थाट. पेट्रोल प्यायचं आणि वीज करायची, हे माझं काम. कारखान्यात माझा शेवटचा स्क्रू आवळणाऱ्या बाईने माझ्या पाठीवर थाप मारून म्हटलं होतं, "जा, नाव काढ." पण नाव काढायची संधी मिळायच्या आधी मी एका दुकानात मागच्या रांगेत धूळ खात बसलो.

पुढच्या रांगेत मोठमोठे धिप्पाड जनरेटर होते आणि खिडकीत एक नाजूक, गुळगुळीत, हलका. गिऱ्हाईक एक तर त्यांच्यावर भाळायचं, नाही तर याच्यावर. मधल्या मापाच्या माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे, आणि याचं मला वाईट वाटे.

एका दुपारी दुकानासमोर एक घरगाडी येऊन थांबली. जुन्या मिनीबसमध्येच पलंग, ओटा आणि छोटा फ्रीज बसवलेला, छतावर एसी. तिचे मालक आयुष्यभर बस चालवून निवृत्त झाले होते. इंजिनाशेजारी बसून बसून त्यांच्या कानांना आवाजाची सवय झाली होती, त्यामुळे त्यांचं साधं बोलणंही गल्लीच्या टोकापर्यंत जाई. पोरांनी त्यांना भोंगाकाका हे नाव ठेवलं होतं, आणि ते त्यांना शोभत होतं.

सोबत काकू होत्या, काठी टेकत, सावलीसावलीने आलेल्या. त्यांना नसांचा आजार होता. उष्मा वाढला की त्यांचे हातपाय ऐकेनासे होत. त्यांची थोरली बहीण एका रखरखीत माळाच्या पलीकडे राहत होती. तिचे गुडघे गेले होते, तिला प्रवास झेपत नव्हता. कितीतरी वर्षं दोघी फक्त फोनवर भेटत होत्या. डॉक्टर म्हणाले होते, "जा खुशाल, पण गाडीतला गारवा जाता कामा नये." म्हणजे काकूंची भेट एसीवर अवलंबून होती, आणि एसी कुठल्या तरी जनरेटरवर.

भोंगाकाका सरळ सगळ्यात धिप्पाड जनरेटरपाशी गेले. "हाच घेऊ. आवाज ऐकलास का? याला म्हणतात दम."

"त्या दमाशेजारी झोपायचंय मला," काकू म्हणाल्या. "आणि उचलणार कोण याला? तुमची कंबर?"

दुकानदार हसला. "आधी एसी लावून बघू. सुरू होताना एसी एक हिसका मारतो. तेवढ्या क्षणापुरती एरवीपेक्षा कितीतरी जास्त वीज मागतो. तो हिसका ज्याला झेपेल, तो तुमचा."

पहिली पाळी खिडकीतल्या नाजूकरावांची. पंखा फिरला, एसीने हिसका मारला आणि नाजूकराव गप्प झाले. मग दुकानदार म्हणाला, "एसीला जरा दम खाऊ द्या," आणि आपल्या सासूबाईंची कहाणी सांगत बसला. भोंगाकाकांची चुळबुळ सुरू झाली. "अहो, सासूबाई राहू द्या, पुढचा लावा." धिप्पाडाने एसी चालवला खरा, पण ओट्यावरच्या कपबशा नाचायला लागल्या आणि काकूंनी कानांवर हात ठेवले. पुन्हा सासूबाईंची कहाणी. मग माझी पाळी आली.

मग हिसका आला, मित्रांनो. मी कण्हलो, गाडीतले दिवे मंदावले, पण मी धरून ठेवलं. थोड्या वेळाने एसी एकसुरात चालू लागला. काकूंनी गाडीच्या भिंतीवर हात ठेवून थरथर किती ते पाहिलं आणि म्हणाल्या, "हा घ्या."

"याला आवाजच नाही," भोंगाकाका कुरकुरले. पण काकूंनी ठरवलं की ठरलं.

भोंगाकाकांनी गाडीच्या मागे, बाहेरच्या बाजूला, माझ्यासाठी लोखंडी चौकट जोडली. धुराचं तोंड गाडीपासून दूर आणि खिडक्या घट्ट बंद. हे त्यांनी स्वतः दोनदा तपासलं. मित्रांनो, माझा धूर जीव घेतो. मला कधीही घरात किंवा बंद खोलीत चालवू नका.

आम्ही निघालो. माळावर मध्येच रस्त्याचं काम निघालं आणि गाड्यांची रांग लागली. जवळ ना झाड, ना घर. भोंगाकाका उतरले, आणि स्टॉपवर बस थांबली की इंजिन बंद करायचं, या जन्माच्या सवयीने त्यांनी मलाही बंद केलं. एवढ्यात रांग हलली. त्यांनी लगेच दोरी ओढली. एसीचा खटका तसाच चालू, फ्रीज चालू, चहाची विजेची किटलीही चालू. मी उठतो न उठतो तोच एसीचा हिसका बसला आणि मी कोसळलो. त्यांनी पुन्हा ओढलं, पुन्हा तेच. रांग हलून परत थांबली, तरी ते ओढतच होते.

गाडी तापू लागली. आत काकूंच्या हातातला पेला गळून पडला.

"मोठा घेतला असता तर ही वेळ आली नसती," भोंगाकाका ओरडले, आणि त्यांनी मला लाथ मारली. लाथेचं मला काही वाटलं नाही. पेला पडल्याचा आवाज मात्र मला सहन झाला नाही.

"अहो, थांबा," काकूंचा आवाज आला, अगदी बारीक. "दुकानदार दर वेळी थांबत होता. तो गप्पा मारत नव्हता, वाट बघत होता. एसीला दम खाऊ द्या."

"अगं, तू इथे भाजतेयस आणि मी काय हातावर हात ठेवून बसू?"

"बसा. मी बसतेय ना."

भोंगाकाकांनी एकेक खटका बंद केला. मग ओला पंचा काकूंच्या कपाळावर ठेवला आणि ताटाने वारा घालत बसले. माझ्या आयुष्यात त्याहून लांब वेळ मी पाहिलेला नाही. मी तेव्हाच मनाशी पक्कं केलं, की आता दोरी ओढली की काही झालं तरी पडायचं नाही.

मग त्यांनी मला एकट्यालाच सुरू केलं. मला स्थिर होऊ दिलं. आधी पंखा लावला, मग एसी. हिसका आला. मी कण्हलो आणि उभा राहिलो. संध्याकाळपर्यंत मी एकदाही थांबलो नाही.

थोरली बहीण काठी टेकत फाटकाशी उभी होती. धाकटीला उन्हात उतरू न देता तीच पायऱ्या चढून गाडीत आली. दोघी कितीतरी वेळ हात धरून बसल्या होत्या. भोंगाकाका माझ्याजवळ आले आणि हळू म्हणाले, "चुकलं रे." त्यांना हळू बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर दर उन्हाळ्यात आम्ही जात असू. मग काकू अंथरुणाला खिळल्या आणि मी मागच्या पडवीत ताडपत्रीखाली गेलो. टाकीतलं पेट्रोल कुणी काढलं नाही, ते आतच चिकट झालं. काळं पडलेलं तेलही कुणी बदललं नाही. काम संपल्यावर यंत्राचं पोट साफ करून ठेवायला फार वेळ लागत नाही, मित्रांनो. तेवढं करत जा.

काल कुणीतरी ताडपत्री ओढली. चाकांच्या खुर्चीत काकू होत्या. "याला साफ करा," त्या म्हणाल्या. "ताईकडे जायचंय."

भोंगाकाका दिवसभर बसून मला धूत-पुसत होते. चिकट पेट्रोल आणि काळं तेल काढून त्यांनी नवं भरलं. संध्याकाळी त्यांनी दोरी ओढली. मी नुसता खोकलो. त्यांचा हात पुन्हा दोरीकडे गेला, आणि थांबला. ते जमिनीवर माझ्याशेजारी बसले आणि काकूंना म्हणाले, "जरा दम खाऊ दे त्याला."

दुसऱ्या हाकेला मी ओ दिली.