काचेवरचा टिळा

सोनाळ्यात मारुतीच्या पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. देवानंद महाराज मोबाईलवर एकेका घरच्या माणसांचा फोटो काढत आणि दुसऱ्या दिवशी छापून हातात देत. त्या घरातलं मेलेलं माणूस त्यात मागे धुरासारखं उभं असे. "डोळा फसतो, कॅमेरा फसत नाही. आत्म्याला छाया नसते, माया असते," असा महाराजांच्या तोंडाचा पट्टा चाले. अर्थ कुणालाच कळत नव्हता, म्हणून सगळे हात जोडत.

वच्छलाबाईच्या घरच्या फोटोत सून वंदनाच्या मागे तिचा गेलेला नवरा, वच्छलाबाईचा मुलगा गजेंद्र उभा होता. महाराज म्हणाले, "पोरगा हिच्या छातीत अडकला. गोळ्यांनी त्याची वाट बंद होते."

वंदनाला क्षय होता. वच्छलाबाईनं दवाखान्यातल्या गोळ्या उकिरड्यावर फेकल्या. वंदनानंही त्या परत मागितल्या नाहीत. नवऱ्याला कोंडून ठेवायचं पाप तिलाही नको होतं. बघता बघता ती अंथरुणाला खिळली, थुंकीत रक्त येऊ लागलं.

शाळेतल्या निवेदिता मॅडम तिला बघायला आल्या. त्यांनी तो फोटो पाहिला, मग भिंतीवरची गजेंद्रची तसबीर पाहिली.

"मावशी, तसबिरीला हा टिळा कुणी लावला?"

"म्याच. हात कापत होता, भुवईवर गेला. मंग पुसाले मन झालं नाही."

"टिळा काचेवर आहे. मग महाराजांच्या फोटोतल्या गजेंद्रच्या भुवईवर तो कसा आला?"

वच्छलाबाईला आठवलं. फोटो हातात मिळायच्या आधी महाराजांचा चेला चहाला आला होता आणि दर्शन घेतो म्हणून मोबाईल धरून तसबिरीपुढे उभा राहिला होता.

मॅडमनी तिला शाळेच्या कॉम्प्युटरपुढे बसवलं. फोटोचं सॉफ्टवेअर फुकटातलं, कुणालाही मिळणारं. त्यांनी गावात लागलेल्या बॅनरचा फोटो काढून त्यातले महाराज कापून घेतले, फिके केले आणि वच्छलाबाईच्या फोटोत तिच्या मागे उभे केले.

दुसऱ्या दिवशी पारावर वच्छलाबाईनं तो फोटो सगळ्यांना दाखवला. "अशा फोटोत मागं मेलेलंच मानूस दिसते ना? मंग तुमी कवा मेले, महाराज?"

चेल्यानं घरी येऊन तसबिरीपुढे मोबाईल धरला होता, तेही तिनं सांगितलं. लोकांनी चेल्याचा मोबाईल काढून घेतला. त्यात गावातल्या घराघरातल्या तसबिरी होत्या.

वंदनाला दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता. ती वाचली नाही.

आता भिंतीवर दोन तसबिरी आहेत. येईल त्याच्या हातात वच्छलाबाई तिच्या मागे महाराज उभे असलेला तो फोटो देते. "याच्यावर इस्वास ठेवून म्या माह्या सुनेच्या गोळ्या फेकल्या. तुमच्या घरी कोनी बिमार असन तं डाक्टरले इचारा. असं काही कोनी दाखवलं, तं ते कसं केलं हे आधी इचारा. म्या इचारलं नाही."