दोन उत्तरं, एकच सही

निवडणूक जवळ आली की आमच्या नेब्रास्कात प्रत्येक संघटना उमेदवाराला प्रश्नावली पाठवते. शिक्षक पाठवतात, मक्याचे शेतकरी पाठवतात, दवाखानेवाले पाठवतात, शिकारीसुद्धा पाठवतात. गव्हर्नर झालात तर आमच्या प्रश्नावर तुमची भूमिका काय असेल, ते लेखी द्या, एवढंच त्यांचं मागणं असतं. ती उत्तरं उमेदवारानं स्वतः विचार करून लिहिली असतील असं आपण मतदार धरून चालतो. मार्लिस कुचेरालाही एकेकाळी तसंच वाटायचं. मग ती उत्तरं लिहिण्याचं काम तिच्याच वाट्याला आलं.

मार्लिस चौतीस वर्षांची होती. हार्लन क्रीक नावाच्या लहानशा गावातून ती राजधानी लिंकनला आली होती आणि गव्हर्नरपदाचे उमेदवार क्लेटन रीमर्स यांच्या प्रचार कार्यालयात काम करत होती. रीमर्सची बियाण्यांची कंपनी होती. माणूस गोड होता. एकदा भेटलेल्याचं नाव विसरत नसे, म्हाताऱ्यांसाठी दार धरून उभा राहत असे. सुरुवातीला मार्लिस एकेक प्रश्न घेऊन त्यांच्याकडे जायची. या विषयावर तुमचं मत काय, असं विचारायची. ते हसून म्हणायचे, ब्रेंटला विचार.

ब्रेंट फोल्सम हा प्रचारप्रमुख. त्यानं तिला पहिल्याच आठवड्यात धडा दिला. समोर कोण आहे ते बघ आणि त्याला बरं वाटेल असं लिही. खोटं लिहू नकोस, अर्धं लिही.

मार्लिसला लिहिता छान यायचं. सप्टेंबर संपेपर्यंत तिनं साठावर प्रश्नावल्यांची उत्तरं दिली होती. रीमर्सच्या सहीचा शिक्का तिच्याच टेबलाच्या खणात असे. निवडून आल्यावर गव्हर्नरच्या कार्यालयात तिला जागा देण्याचं कबूल झालं होतं. आधी चांगला माणूस निवडून तर येऊ दे, मग सगळं नीट करता येईल, असं ती स्वतःला समजावायची. आपण सगळेच कधी ना कधी स्वतःला असं काहीतरी समजावत असतो.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एक जाड पाकीट आलं. आत दोन कागद होते. एक ज्येष्ठ नागरिकांच्या मासिकातून कापलेला. त्यात रीमर्स म्हणत होते, वृद्धाश्रमात किती माणसांमागे किती मदतनीस हवेत, हे राज्यानं कायद्यानं ठरवलंच पाहिजे. दुसरा वृद्धाश्रमांच्या मालकसंघटनेला पाठवलेला. त्यात तेच रीमर्स म्हणत होते, मदतनीस किती ठेवायचे हे प्रत्येक संस्थेनं आपलं आपण ठरवावं, राज्यानं त्यात पडू नये. दोन्हीखाली एकच सही. दोन्ही वाक्यांखाली तांबड्या शाईची रेघ, आणि समासात दोन शब्द: कोणतं खरं?

मार्लिसनं ते अक्षर ओळखलं. आठवीच्या वर्गात तिच्या नागरिकशास्त्राच्या वहीत अशीच तांबडी शाई असायची. तो विषय शिकवणाऱ्या ओल्टमन्सबाई आता एक्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि हार्लन क्रीकच्या वृद्धाश्रमात चाकाच्या खुर्चीत बसून दिवस काढत होत्या.

ब्रेंट म्हणाला, "तुझ्याच बाई आहेत ना? मग तूच जाऊन समजूत घाल. गुरुवारी आपण तिथेच जाणार आहोत, तमाशा नको."

रविवारी दुपारी मार्लिस कोलाचेचा, म्हणजे फळं भरलेल्या गोड पावांचा खोका घेऊन गेली. खोली लहान होती. बाईंनी खोका उघडला नाही. बस म्हणाल्या, आणि ती बसली.

"बाई, निवडणुकीत हे असं चालतंच," मार्लिस म्हणाली. "सगळेच करतात."

"सगळे काय करतात ते मला ठाऊक आहे. तू काय केलंस ते विचारतेय."

"ही उत्तरं कुणी वाचत नाही हो."

"मी वाचते. वॉल्टर ब्रांट वाचायचा. आठवतोय का, तुमच्या शाळेच्या बसचा ड्रायव्हर?"

मार्लिसला आठवत होता. हिवाळ्यात मुलं चढेपर्यंत तो बसमधल्या गार सीटवर अंगातला कोट पसरून ठेवायचा.

बाईंनी मग आवाज न चढवता सांगितलं. वॉल्टर पलीकडच्या खोलीत राहायचा. ऑगस्टमधल्या एका रविवारी तो न्हाणीघरात पडला. बाई आपल्या खोलीतून हाका मारत राहिल्या, घंटी दाबत राहिल्या. त्या दिवशी अठ्ठावीस म्हाताऱ्यांमागे इमेल्दा ही एकटीच मदतनीस होती, आणि ती दुसऱ्या टोकाला कुणाला तरी भरवत होती. ती पोचली चाळीस मिनिटांनी. वॉल्टरचं खुब्याचं हाड मोडलं होतं. तीन आठवड्यांत तो गेला. मालकांचा तो कागद मदतनिसांच्या चहाच्या खोलीत लावला होता, यांनाच मत द्या अशा सूचनेसह. इमेल्दानं तो बाईंना आणून दिला होता.

"पण बाई, ते काही रीमर्सचं खरं मत नाही. दोन्ही कागद मीच लिहिलेत."

"मग खरं मत कोणतं?"

मार्लिसला ते माहीतच नव्हतं. साठ प्रश्नावल्या लिहून झाल्या होत्या, तरी माहीत नव्हतं.

"ऐक," बाई म्हणाल्या. "मालकांना दिलेला शब्द तो पाळेल. ते त्याला उद्या जाब विचारतील, त्यांच्याकडे त्याचा फोन नंबर आहे. आम्हाला दिलेला शब्द तो विसरेल. इथल्या निम्म्या लोकांना सकाळी काय खाल्लं तेही आठवत नाही, जाब कोण विचारणार? तू दोघांना सारखं फसवलेलं नाहीस, मार्लिस. ज्यांना फसवणं सोपं होतं त्यांनाच फसवलंयस."

गुरुवारी मी सर्वांसमोर त्याला विचारणार आहे, असं त्यांनी सांगून टाकलं. तुला कुणी विचारलं तर खरं सांग, एवढीच अपेक्षा आहे. मार्लिसनं मान डोलावली. परतीच्या वाटेवर तिनं मनाशी पक्कं केलं की खरंच सांगायचं.

गुरुवारी दुपारी वृद्धाश्रमाच्या जेवणघरात चिली, म्हणजे घेवड्याची तिखट उसळ, आणि दालचिनीचे रोल होते. रीमर्स प्रत्येक टेबलापाशी वाकून हात हातात घेत होते. सत्तरेक माणसं जमली होती, गावातलीही होती, स्थानिक वर्तमानपत्राचा बातमीदार होता. वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक भिंतीला टेकून उभे होते. भाषण संपल्यावर ओल्टमन्सबाईंनी हात वर केला आणि दोन्ही कागद वाचून दाखवले. सावकाश, शब्द न् शब्द. मग विचारलं, यातलं कोणतं खरं?

व्यवस्थापक भिंतीपासून सरळ झाले. रीमर्स मात्र जराही गडबडले नाहीत.

"बाई, तुम्ही आमची चूक पकडलीत, आभारी आहे. तो मालकांचा कागद म्हणजे कच्चा मसुदा होता, चुकून गेला. हे काम आमची मार्लिस बघते, तुमच्याच गावची मुलगी. तिलाच विचारा ना."

सगळ्यांची तोंडं तिच्याकडे वळली. कोपऱ्यात ब्रेंट खाली बघत उभा होता. नुसतं नाही म्हणायचं होतं. एक शब्द. पण तेवढ्यात मार्लिसच्या डोळ्यांपुढे पाच महिन्यांचं काम आलं, नवी नोकरी आली, आणि रीमर्सचं ते विश्वासानं बघणं आलं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "चुकीचा मसुदा पाठवला गेला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चूक कबूल करणारी मुलगी म्हणून टाळ्या! ओल्टमन्सबाईंनी कागदांची घडी घातली.

"बरं. बस खाली, मार्लिस."

अभ्यास न करता आलेल्या मुलीला त्या याच आवाजात बसवायच्या.

गाडीत रीमर्सनी मागे वळून छान सांभाळलंस म्हटलं आणि तिला पेपरमिंटची गोळी दिली. बाहेर मक्याची कापणी चालली होती, धुळीचे लोट उठत होते. मार्लिस ती गोळी तोंडात न टाकता लिंकन येईपर्यंत मुठीत धरून बसली.

शनिवारी सकाळी बाईंचा फोन आला. "इमेल्दाला कामावरून काढलं. चहाच्या खोलीतून कागद मीच आणला असं मी सांगितलं, पण त्या खोलीच्या तीन पायऱ्या या खुर्चीला चढता येत नाहीत हे त्यांना ठाऊक आहे. कळवावं म्हणून फोन केला." आणि त्यांनी फोन ठेवला.

मार्लिस ब्रेंटकडे धावली. वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांना एक फोन करा, रीमर्सचा शब्द ते मोडणार नाहीत, असं विनवू लागली. ब्रेंट म्हणाला, निवडणुकीनंतर बघू. मग ती रीमर्सकडे गेली. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी इमेल्दाचं पूर्ण नाव विचारून घेतलं, वहीत टिपलं, आणि म्हणाले, ब्रेंटशी बोलून घे.

तेव्हा कुठे मार्लिसला कळलं, की रीमर्सचं खरं मत कोणतं हे तिला इतके दिवस का सापडलं नव्हतं. ते नव्हतंच! त्या गोड हसण्यामागे एकाही प्रश्नावर काही मत नव्हतं, आणि ती रिकामी जागा आपल्या सुंदर वाक्यांनी ती स्वतः भरत आली होती.

सोमवारी तिनं राजीनामा दिला. दोन्ही उत्तरांना ब्रेंटनं एकाच दिवशी मंजुरी दिल्याची पत्रं घेऊन ती राजधानीतल्या मोठ्या वर्तमानपत्रात गेली. बातमीदार बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गुरुवारी भर सभेत तुम्ही उलटं सांगितलंत. आज तुमच्यावर का विश्वास ठेवायचा?"

ती म्हणाली, माझ्यावर नका ठेवू, कागदांवर ठेवा.

बातमी आली ती पाचव्या पानावर, नाराज कर्मचाऱ्याचा आरोप म्हणून. रीमर्सनी कडवट शब्द काढला नाही. तिच्यावर फार ताण आला असावा, आमच्या कुटुंबाच्या प्रार्थनेत तिचं नाव आहे, असं ते म्हणाले. लोकांना ते आवडलं. तोवर बऱ्याच मतदारांची मतं टपालानं पोचलीही होती. रीमर्स मोठ्या फरकानं निवडून आले. हार्लन क्रीकमध्येही तेच पुढे होते. ओल्टमन्सबाईंच्या शेजारच्या आजीनंही त्यांनाच मत दिलं. त्यानं माझा हात हातात घेतला होता, असं ती सगळ्यांना सांगत होती.

जानेवारीत मदतनिसांच्या संख्येचं विधेयक विधानसभेत आलं. गव्हर्नरांनी समितीला पत्र पाठवलं. मदतनीस किती ठेवायचे हे प्रत्येक संस्थेनं आपलं आपण ठरवावं, असं त्यात होतं. वाक्य मार्लिसचंच होतं, स्वल्पविरामासकट. विधेयक समितीतच मेलं.

त्यानंतर मार्लिस बाईंकडे गेली. गावात लोक तिच्याशी तुटक बोलत होते. काहींच्या मते ती रीमर्सशी बेइमान झाली होती, काहींच्या मते बाईंशी. दोन्ही खरं होतं. दारात उभी राहून तिनं माफी मागितली.

"उशिरा आलीस," बाई म्हणाल्या.

"हो, बाई."

"तुझी माफी घेऊन मी काय करू? वॉल्टर गेला, इमेल्दा आता खाटीकखान्यात थंडीत उभी राहून मांस कापते. तिच्याकडे गेली होतीस?"

गेली होती. इमेल्दानं दार उघडलं होतं, सगळं ऐकून घेतलं होतं आणि शांतपणे दार लावलं होतं.

"बरोबर केलं तिनं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी खुर्ची खिडकीकडून वळवली. "तुला लिहिता येतं. आता दुसऱ्या बाजूनं लिही."

पुढच्या वर्षी वसंतात विधानसभेच्या जागांसाठी उमेदवार उभे राहिले, तेव्हा मार्लिसनं तिच्या ओळखीच्या प्रत्येक संघटनेला पत्र लिहिलं. तुम्हाला उमेदवारानं काय उत्तर दिलं त्याची प्रत द्या, एवढंच मागितलं. निम्म्यांनी दिली. ती उत्तरं तिनं शेजारी शेजारी छापली आणि दर मंगळवारी दुपारी वृद्धाश्रमाच्या जेवणघरात मोठ्यानं वाचून दाखवली. पहिल्या मंगळवारी नऊ जण आले, त्यातले चार झोपले. पुढच्या मंगळवारी गावातल्या सलूनवाल्या बाई आल्या, गुरांचे डॉक्टर आले. एका उमेदवारानं चिडून फोन केला. पण त्यानं आपलं एक उत्तर बदललं, आणि बदललं म्हणून जाहीरही केलं. मिळालं ते एवढंच. रीमर्स आजही गव्हर्नर आहेत, आणि वृद्धाश्रमात रविवारी आजही एकच मदतनीस असते.

नागरिकहो, ही गोष्ट वाचून रीमर्सना शिव्या घालणं सोपं आहे. पण बाई सोडल्या तर त्यांना कुणी दुसरा प्रश्नच विचारला नव्हता. आपल्याला हवं ते उत्तर मिळालं की आपण कागद खाली ठेवतो, आणि शेजाऱ्याला काय उत्तर मिळालं याची चौकशी करत नाही. उमेदवार आपल्या याच सवयीवर निवडून येतात. तेव्हा पुढच्या वेळी कुणी गोड बोलून तुमचा हात हातात घेईल, तेव्हा त्याला विचारा, ज्यांच्याशी माझं पटत नाही त्यांना तुम्ही काय सांगितलंत? आणि तुमच्या हातात जर कुणाच्या सहीचा शिक्का असेल, तर तो उमटवण्याआधी विचारा. नंतर विचारलं तर काय होतं, ते मार्लिस कुचेरा दर मंगळवारी, कुणी ऐको न ऐको, उभी राहून सांगते.