पाकीट घे

"काका, एकच द्या ना."

"पाकीट घे."

"पाकीट परवडत नाही, म्हणून तर एक मागतोय."

"आणि परवडत नाही, म्हणूनच मी एक देत नाही," टपरीवाले काका म्हणाले आणि टपरीची फळी फडक्यानं पुसू लागले.

समोर उभा होता तो शेजारच्या वर्कशॉपमधला तरुण वेल्डर. सिगारेटचे भाव पुन्हा वाढले, तशी सगळ्या टपऱ्यांवर पाकिटं फोडून एकेक विकायची चढाओढ लागली होती. काकांनी मात्र नेमकी तेव्हाच सुटी विक्री बंद केली.

"नाक्यावर मिळते एक."

"मग जा की नाक्यावर. पाय दुखतात?"

वेल्डर हसला, पण गेला नाही. बरणीतली पेपरमिंटची गोळी त्यानं आपल्याच हातानं काढून तोंडात टाकली. "सकाळपासून एकही नाही, काका. डोकं नुसतं फिरलंय."

"फिरू दे. एरवी तरी कुठे जागेवर असतं?"

जेवणाचा डबा घेऊन आलेली त्यांची मुलगी हे सगळं ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "बाबा, दुकान चालवताय की गिऱ्हाईकं पळवताय? एवढंच आहे तर सिगारेटी ठेवता कशाला?"

"नाही ठेवल्या तर तो सरळ नाक्यावर जाईल. इथे निदान माझ्याशी भांडत तरी उभा राहतो. भांडता भांडता तलफ जरा उतरते."

डब्याचं झाकण उघडतानाच त्यांना खोकल्याची उबळ आली. पार छातीच्या तळापासून आली, नेहमीसारखी. तीही नेहमीसारखी पाण्याचा ग्लास धरून उभी राहिली. श्वास सापडल्यावर ते म्हणाले, "मी उभ्या जन्मात पाकीट विकत घेतलं नाही गं. एकेक करतच ओढली. एक कुणाला महाग वाटत नाही. अख्ख्या पाकिटाचे पैसे मोजावे लागले असते, तर त्याच्या वयातच सुटली असती."

"भाजी गार होतेय," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

पाहुणे पांगल्यावर, उरलेला माल संपवून टाकू म्हणून तिनं टपरी उघडली. फडकं खिळ्याला तसंच लटकत होतं. वेल्डर आला. रिकाम्या स्टुलाकडे बघत जरा घुटमळला.

"ताई, आजच्या दिवस एक द्या. आज खरंच हवीय."

त्याचे डोळे लाल झाले होते. तिचा हात पाकिटापर्यंत गेला. आजच्या दिवशी एक दिली तर काय बिघडणार होतं? हात तिथेच थांबला.

"पाकीट घे," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग मान खाली घालून त्यानं बरणीचं झाकण फिरवलं. "काकांचीच लेक," असं काहीसं पुटपुटत, गोळी गालात धरून तो वर्कशॉपकडे चालू लागला. नाका उलट्या बाजूला होता.

तो आत दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली. मग खिळ्यावरचं फडकं काढून तिनं फळी पुसली, स्टूलही पुसलं.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "दुकान तुम्ही फार चांगलं चालवलंत."