पाठ केलेली चित्रं

तिसरीच्या वर्गाला शिकवणाऱ्या या बाईंना घोकंपट्टीची मनस्वी चीड. "पोपटपंची नको, समजून सांग," हे त्यांचं पालुपद. आणि त्याच बाईंनी या आठवड्यात धाकट्या बहिणीला समोर बसवून हॉस्पिटलने सरावाला दिलेली चित्रं पाठ केली होती, तीही क्रमाने. कात्री, छत्री, कुलूप, कंगवा, चमचा... भीती माणसाला काय काय करायला लावते!

आता त्या ऑपरेशनच्या टेबलावर होत्या, टक्क जाग्या. डोकं घट्ट अडकवलेलं, कवटीचा तुकडा काढलेला. मेंदूला स्वतःला दुखत नाही, हे डॉक्टरांनी समजावलं होतं; पण छाती धडधडायची ती धडधडतच होती. पडद्यापलीकडे डॉक्टर, अलीकडे चित्रांची कार्डं दाखवणारी थेरपिस्ट. गाठ शब्दांच्या जागेला खेटून होती. डॉक्टर एकेका जागी सौम्य विजेची सळई टेकवून ती जागा क्षणभर बंद पाडणार आणि त्याच वेळी बाईंनी चित्राचं नाव सांगायचं. सांगता आलं तर तिथे कापायला हरकत नाही. अडलं तर ती जागा राखायची. म्हणजे अडखळण्यातच बचाव होता. हे बाईंना कळत होतं हो, पण परीक्षा म्हटली की नापास व्हायची धास्ती शिक्षकालाही सुटत नाही.

"हं बाई, सांगा," थेरपिस्ट म्हणाली.

"कात्री... छत्री... कुलूप..."

सळई पुढे सरकली. "कंगवा," बाई म्हणाल्या आणि चपापल्या. समोरच्या चित्रात लांबट, दातेरी काहीतरी होतं. रोज हातात असणारं. पण त्याला म्हणतात काय? कुलपानंतर कंगवा येतो, म्हणून तोंडातून शब्द गेला होता. चित्राशी त्याचं नातंच लागेना.

"छान! इथे काही नाही," डॉक्टर म्हणाले. "इथूनच आत जाऊ या."

बाईंनीच कॉपी केली, हे सगळ्यांसमोर कबूल करायचं? खरं सांगायचं तर क्षणभर त्यांना मरणापेक्षा लाजच मोठी वाटली. मग बाहेर बाकावर बसलेली धाकटी आठवली. उद्या ती समोर येईल आणि तिला हाक मारायला आपल्याकडे नावच नसेल.

"थांबा! कापू नका!" त्या किंचाळल्या. "मी पाठ केलंय हो! सगळं ओळीने पाठ केलंय!"

"कार्डं पिसा," डॉक्टर हळूच म्हणाले. सळई पुन्हा त्याच जागी टेकली. थेरपिस्टने एक कार्ड धरलं.

"हे... ते आपलं... पावसात डोक्यावर धरतात ते..." बाईंच्या डोळ्यांना धार लागली. डॉक्टरांनी सळई उचलली.

"छत्री!" बाई रडत ओरडल्या. "छत्री, छत्री!"

"ही जागा राखायची," डॉक्टर म्हणाले. "पण तिच्याखालची थोडी गाठ राहील, बाई."

"राहू दे."

थेरपिस्टने पुढचं कार्ड उचललं.

"आधी पुन्हा पिसा," बाई कापऱ्या आवाजात म्हणाल्या. "माझा काही भरवसा नाही."