इतबायातची तीन दिवसांची सहल

तीन दिवसांत आमचं इतबायात बेट बघून होतं असं ज्याला वाटतं, त्याने आधी इथे उतरून दाखवावं. क्लारिसाचा मेसेज वाचून मी हे चांगलं मोठ्याने म्हणाले. स्वयंपाकघरात ऐकायला एक मांजर होतं, तेही उठून गेलं.

क्लारिसा म्हणजे माझ्या थोरल्या भावाची नात. तीन वर्षांची असताना पाहिली होती, आता मिंदानाओत, दावाओ शहरात कुठल्याशा ऑफिसात आहे. तिने लिहिलं होतं, "आत्याआजी, मे महिन्यात आजोबांना घेऊन येतेय. तीन दिवस, दोन रात्री. साइटसीइंग करायचंय. प्लॅन केलाय, बघून सांग." खाली तासातासाचं वेळापत्रक. नऊला कडा, साडेदहाला गुहा, बाराला बीचवर जेवण, चारला कॅफे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीस वर्षं मी इथल्या मायान गावच्या शाळेत भूगोल शिकवला. या बेटाला चारही बाजूंनी उभा कडा आहे, बीच औषधाला नाही. आणि कॅफे कसला घेऊन बसलीस? धक्क्यावरच्या तासियोची बायको दुपारी दारात बसून कॉफी पाजते, तीसुद्धा तिचा मूड असला तर.

पण वेळापत्रकाचं सोडा. मला झोंबलं ते साइटसीइंग. माझा भाऊ, फाउस्तिनो, याच बेटावर जन्मला. एकोणीस वर्षांचा होईपर्यंत इथेच सुरण खणले, गुरं राखली. वादळाने शेतं धुऊन नेली त्या वर्षी बाकीच्या पोरांबरोबर देशाच्या पार दक्षिण टोकाला, मिंदानाओला जमीन कसायला गेला आणि तिकडचाच झाला. त्याला मी काय तिकीट लावून कडे दाखवू? मी सरळ फोन लावला.

"दादा, तू काय पाहुणा आहेस? साइटसीइंग म्हणे."

"असू दे गं सेवे. पोरीला हौस आहे." तो जरा थांबला. "आणि हे बघ, मी येतोय ते गावात बोलू नकोस. कोणी विचारलंच तर सांग, मिंदानाओहून पर्यटक आलेत."

"आणि तुझं नाक? ते काय मिंदानाओचं आहे? रस्त्यात पहिला भेटेल तो म्हणेल, हा गुरंवाल्या हिलारियोचा पोरगा."

तो हसला नाही. बाबांचं नाव निघालं की तो गप्प होतो, हे मी विसरले होते. म्हणजे विसरले नव्हते, तोंडाला आवर नाही माझ्या.

बाबा गेले सत्त्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये. दादाला तार केली, तो निघाला, बास्कोपर्यंत पोचला. बास्को म्हणजे शेजारच्या बेटावरचं बंदर, बोटीने चार तास. पण समुद्र उसळलेला, एक बोट सुटेना. अकरा दिवस तो तिथल्या धक्क्यावर बसून होता. मग पैसे संपले, आणि तो परत गेला. पुढे कोणीतरी त्याला पत्रातून कळवलं की हिलारियोला खांदा द्यायला थोरला नव्हता. बस, तेव्हापासून तो इकडे फिरकला नाही. मीच दोनदा तिकडे जाऊन आले, पण त्या विषयावर आम्ही दोघांनी चकार शब्द काढला नाही.

आता बहात्तराव्या वर्षी तो नातीच्या आडून येत होता, पर्यटक म्हणून. बापाच्या गावात यायला त्याला निमित्त लागत होतं. मला आधी वाईट वाटलं, आणि मग त्याचाच राग आला. माझं असंच आहे.

मी चौकटीची वही काढली आणि स्वतः प्लॅन करायला बसले. दादा पर्यटक म्हणून येणार ना, मग त्याला अशी सहल घडवते की बघत राहील. पहिल्या दिवशी फक्त उतरणं, घर, जेवण. उवेदचे गोळे, म्हणजे केळीचा कांदा किसून त्यात मासा घालून केलेले, ते त्याला फार आवडायचे. हळदीचा भात, वाळवलेले उडते मासे. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांची कबर, मग पश्चिमेचा कडा, जिथे तो गुरं चारायचा. तिसरा दिवस मी कोराच ठेवला. परतीच्या खाली लिहिलं, 'समुद्र सोडेल तेव्हा.' वहीचा फोटो काढून क्लारिसाला पाठवला.

तिचं लगेच उत्तर आलं. "आत्याआजी, छान आहे. पण बास्कोहून आम्ही छोट्या विमानाने येतोय हं. आजोबांच्या गुडघ्यात स्टील बसवलंय. डॉक्टर बोटीला नाही म्हणालेत."

तासाभरात दादाचा फोन. "सेवे, विमानात बसवलंत तर मी बास्कोवरूनच मागे फिरेन. ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने येईन. त्या पोरीला समजाव."

"समजावते," मी म्हणाले. शहाण्या माणसाने त्यालाच समजावलं असतं. पण खरं सांगते, मला अभिमान वाटला. आमच्याकडचा माणूस धक्क्यावरूनच बेटावर येतो. मी क्लारिसाला लिहिलं, मे महिन्यात समुद्र थाळीतल्या पाण्यासारखा असतो, काळजी करू नकोस. हे मी लिहिलं, आणि मी भूगोलाची बाई.

दुसऱ्या दिवशी यजमानांना घेऊन चिनापोलिरानच्या धक्क्यावर गेले. यजमान म्हणजे दामासो. चाळीस वर्षांच्या संसारात चाळीस वाक्यं बोलले असतील. धक्का म्हणतात म्हणून म्हणायचं, कड्यात खोदलेल्या पायऱ्या आहेत नुसत्या. आमच्या फालोवा बोटींना तिथे बांधून ठेवता येत नाही. लाटेबरोबर बोट वर आली की त्या एका क्षणात उडी मारायची आणि खडकावरच्या माणसांनी दंडाला धरून ओढून घ्यायचं. चुकलात तर बोट आणि खडक यांच्या मध्ये. ओढून घेणाऱ्यांचा म्होरक्या तासियो, साठीचा, हात अजून लोखंडासारखे.

"बहात्तर वर्षांचा पर्यटक आहे," मी म्हणाले. "गुडघ्यात स्टील. उतरवशील ना?"

"नाही," तासियो म्हणाला.

"अरे, ऐकून तरी घे."

"ऐकलं की. बाई, पाय वाकत नसेल तर उडी बसत नाही. मधे पडला तर तुमच्या दारात येऊन मला सांगावं लागेल, आणि ते मी करणार नाही. विमानाने आणा."

"विमानाने यायचं नाही म्हणतो."

"भलताच मानी पर्यटक आहे." त्याने माझ्याकडे बघितलं, मग दामासोकडे. दामासो समुद्राकडे बघत होते. "मग एकच उपाय. गुरांचा पट्टा."

आमची गुरं बोटीत चढवायची तर पोटाखालून रुंद पट्टा घालतात आणि खडकावरच्या कप्पीवरून दोराने उचलतात. गाय हवेत चार पाय झाडत हंबरते आणि खालची पोरं खिदळतात. त्या पट्ट्यात माझा दादा. मी म्हणाले, "समुद्र शांत असेल, लागायचाच नाही पट्टा."

तरी संध्याकाळी जाऊन मी पट्टा मागून आणलाच. शेणाचा वास मारत होता. दोनदा घासून धुतला, उन्हात टाकला आणि त्यावर माझ्या लग्नातली चांगली चादर दुहेरी घडी करून शिवली. शिवता शिवता वाटलं, दादाला आता फोन करून सांगावं. सांगितलं असतं तर तो आला नसता. म्हणून नाही सांगितलं. चूक की बरोबर, ते तुम्ही ठरवा.

ठरल्या दिवशी पहाटे पानं वाजायला लागली तेव्हाच मला कळलं. वारा ईशान्येचा, लाटा माणसाच्या दीडपट. बोट तर बास्कोहून सुटली होती. मी डोक्यावर वाकुल घातली, आमच्या बायकांचं ते ताडाच्या धाग्यांचं इरलं, आणि दामासोंच्या पुढे तरातरा धक्क्याकडे निघाले. उतारावर पोचले तर खाली माणसंच माणसं. पन्नास तरी असतील. पायऱ्यांवर, कठड्यावर, कप्पीपाशी.

"अहो, हे काय? कोणी सांगितलं यांना?"

"मी तासियोला बोललो," दामासो म्हणाले. "तो पर्यटक कोण ते."

"आणि तासियोने गावभर केलं. वा. चाळीस वर्षांत एकदा तोंड उघडलंत, तेही नेमकं आजच. दादा मला जन्मात माफ करणार नाही. आता सगळ्या गावासमोर गायीसारखा लटकणार तो."

दामासोंनी माझ्या हातातला पट्टा घेतला आणि खाली उतरले.

बोट आली. दादा मधोमध बसला होता, काठी मांड्यांवर आडवी धरून. क्लारिसा शेजारी, चेहरा लिंबासारखा पिवळा. बोट एकदा आमच्या पायांशी येत होती, एकदा खाली खोल जात होती. दादाने वर बघितलं. गर्दी बघितली. त्याचा चेहरा एवढासा झाला, मला वरून दिसलं ते. मग तो उठला. काठी नातीच्या हातात दिली आणि उडीसाठी पाय पुढे टाकला.

"फाउस्तिनो, बस," तासियो ओरडला. "उडी नाही. मी धरणार नाही."

मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो पट्टा कप्पीवरून झुलत खाली गेला, वर माझी लग्नातली फुलाफुलांची चादर. कोणी हसलं नाही. मला वाटलं, आता हा म्हणणार, बोट मागे फिरवा. मी त्याला ओळखते, मीही तेच म्हणाले असते. दादा त्या पट्ट्याकडे बघत राहिला. दोन लाटा गेल्या, तिसरी गेली.

"ही चादर कोणी शिवली?" खालून आवाज आला.

"मी," मी म्हणाले.

"अक्कल गहाण ठेवलीस का सेवे? भिजली की कापड सरकतं. गाय असती तर गेली असती पाण्यात." त्याने नातीला टाके उसवायला लावले. चादर गुंडाळून तिच्या मांडीवर टाकली. मग दोराची गाठ हातात घेऊन खालीवर केली. "आणि ही गाठ कोणाची? तासियो, तुझी? तुला माझ्या बापाने शिकवली असती तर अशी बांधली नसतीस."

तासियोच्या बाजूचे सगळे खो खो हसले. तासियोपण. दादाने गाठ सोडली, हलत्या बोटीत, ओल्या दोराने, बाबा बांधायचे तशी पुन्हा बांधली. पट्टा स्वतःच्या मांड्यांखालून घेतला, वरचा दोर दोन्ही हातांनी पकडला आणि म्हणाला, "लाट वर आली की ओढा. मी सांगेन तेव्हा. आधी नाही."

त्याने सांगितलं तेव्हाच त्यांनी ओढलं. पन्नास माणसांनी एका दमात दोर घेतला. बोट खाली निघून गेली आणि माझा भाऊ हवेत, पाठ ताठ, मान वर, टोपी जागच्या जागी. घोड्यावरून कोणी मोठा माणूस यावा तसा आला हो तो. माझी छाती फुगली. असा माझा भाऊ, आणि असं माझं गाव.

तासियोने त्याला दोन्ही काखांत धरून पायरीवर उभं केलं. दादाने समोरच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. निम्मे त्याला ठाऊक नव्हते, त्याच्या नंतर जन्मलेले. कोणी काही विचारलं नव्हतं, तरी तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तेव्हा मी बास्कोला अकरा दिवस बसलो होतो. बोट सुटली नाही."

"माहितीय आम्हाला," तासियो म्हणाला. "रेडिओवर निरोप आला होता तू निघालास म्हणून. आम्ही हिलारियोकाकांना पाच दिवस घरात ठेवलं होतं. रोज सकाळी सगळे इथे खाली येऊन उभे राहायचो, दोर घेऊन. सहाव्या दिवशी नाइलाज झाला, पुरावं लागलं."

मला हे माहीत होतं. एकोणचाळीस वर्षं माहीत होतं, आणि मी ते त्याला सांगितलं नव्हतं. आधी रागाने, मग सवयीने. दादाने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, आयुष्यात पहिल्यांदा.

"पाच सकाळी आलो होतो," तासियो म्हणाला. "आजची सहावी."

दादा पायरीवर बसला आणि सगळ्यांसमोर रडला. मी त्याच्या शेजारी बसले. खाली क्लारिसा बोटीत ताटकळत होती, पण कोणी घाई केली नाही.