तलावाची उथळ बाजू

“क्लच सोडा. हळू. हळू म्हणजे माझ्या पायाला काम पडणार नाही इतकं हळू.”

निवृत्त मुख्याध्यापकांनी क्लच सोडला तो एकदम. गाडी गचका देऊन बंद पडली. शेजारी बसलेल्या बाईंचा पाय आपल्या बाजूच्या ब्रेकवर आधीच पोचला होता. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांना सगळे ब्रेकताई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे.

तेवढ्यात फोन वाजला.

“ताई, दुकानात येता का?” आवाज इतका बारीक होता की तो भावजयीचा आहे हे कळायलाच क्षण लागला. ती पोहण्याच्या तलावावर कामाला होती. पोरांवर ओरडून ओरडून तिचा आवाज असा तयार झाला होता की घरात ती चहाला हाक मारायची तरी शेजारी दचकायचे. ताईंना तिच्यातली हीच गोष्ट पहिल्या दिवसापासून खटकत आली होती. “हे मला ओळखत नाहीयेत,” ती म्हणाली.

“सर, गाडी बाजूला घ्या.”

“मला एकट्याला जमणार नाही.”

“मग उतरा, मी घेते.”

ताईंच्या धाकट्या भावाचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान चिंचोळं होतं. तो स्टुलावर बसून एका मशीनच्या सुईत दोरा ओवत होता. चिमटीत दोरा नव्हताच. तरी जीभ दातात धरून, एक डोळा मिटून तो ओवत होता. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडलेला, पावलं सुजून चपलेबाहेर आलेली.

“कधीपासून असं?” ताईंनी विचारलं.

“सूज महिनाभर आहे. मी म्हणत होते दाखवू या. हे म्हणाले, उभं राहून राहून येते,” भावजय म्हणाली.

ताईंनी तिच्याकडे पाहिलं, त्यात सरळसरळ ठपका होता. आई गेली तेव्हा धाकटा शाळेतही जात नव्हता. त्याला ताईंनी वाढवलं होतं. तीन वेळचं जेवण, ताप, परीक्षा, धंदा, सगळं त्यांनी निभावलं. ही नंतर आली होती.

हॉस्पिटलात दोन-तीन दिवसांत तो शुद्धीवर आला, माणसं ओळखायला लागला. पण डॉक्टरांनी दोघींना खोलीत बोलावून दार लावून घेतलं, तेव्हाच ताई काय ते समजल्या.

“हिपॅटायटिस बी आहे. जुना. यकृत आकसून कडक झालंय. पोटातलं पाणी, हा गोंधळ, सगळं त्यामुळेच. औषधांनी थोडे दिवस ढकलता येतील. खरा उपाय यकृत बदलणं हाच. जवळच्या नातेवाइकाने आपल्या यकृताचा भाग दिला तर तो बसवता येतो.”

“तो पीत नाही हो,” ताई म्हणाल्या. मागच्या वर्षी त्यांनी त्याच्या दुकानातलं कपाट गुपचूप उघडून पाहिलं होतं. तेलाचे डबे आणि सुट्या सुया, एवढंच मिळालं होतं.

“न पिणाऱ्यालाही होतं. बऱ्याचदा हा विषाणू जन्माच्या वेळी आईकडून येतो आणि वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो. तुमच्या आई कशाने गेल्या?”

“पोट फुगलं होतं. पाणी काढायचे.” ताईंनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, “माझं घ्या. आमचा रक्तगट एकच आहे.”

रक्त तपासायला दिलं तेव्हा त्यांच्या मनात शंकेला जागाच नव्हती. आजवर त्याला जे लागलं ते त्यांनीच दिलं होतं.

रिपोर्ट सांगताना डॉक्टरांनी त्यांना आधी बसायला सांगितलं. विषाणू त्यांच्याही रक्तात होता. आईने दोन्ही मुलांना सारखंच दिलं होतं. ताईंचं यकृत अजून धड होतं. गोळ्या चालू करायच्या आणि ठरावीक दिवसांनी तपासण्या करायच्या, म्हणजे ते तसंच राहण्याची आशा होती. पण त्यांना ते कुणाला देता येणार नव्हतं.

“एका घरात जेवल्याने, जवळ बसल्याने पसरत नाही,” डॉक्टर म्हणाले. “तुमचं वागणं बदलायचं काही कारण नाही.”

तरी त्या दिवशी घरी आल्यावर ताईंनी आपला कप वेगळा ठेवला. भावजयीने तो उचलला आणि बाकीच्या कपांत मिसळून विसळून टाकला.

धाकट्याला औषधं देऊन घरी सोडलं, आणि मग तीच तपासणीला गेली. तलावावर नोकरीला लागताना तिला लस टोचली होती, त्यामुळे रक्तात काही नव्हतं. रक्तगट जुळला. स्कॅन झालं, मानसोपचारतज्ज्ञांशी बोलणं झालं. आणि एक दिवस ती येऊन म्हणाली, “मी सध्या तपासणीत बसत नाही म्हणाले.”

“का?”

“लिव्हरवर चरबी आहे.”

त्याच आठवड्यात हॉस्पिटलच्या बाकावर शेजारी बसलेली एक बाई ताईंना सहज बोलता बोलता म्हणाली, “देणाऱ्याला आत एकट्याला विचारतात हो. नाही म्हटलं तर बाहेर सांगतात, तपासणीत बसत नाही म्हणून. आमच्या दिरांचं तसंच झालं असणार. आता विचारायचं तरी कसं?”

ताईंच्या डोक्यात ते घुसलं ते निघेना. दोन दिवस त्यांनी शिकाऊ मंडळींना नको तितकं फैलावर घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या तडक तलावावर गेल्या. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं. एकेक शब्द घासून धारदार केला होता.

दुपारी तलाव बंद असे. फाटक नुसतं लोटलेलं होतं. काठावर कुणी नव्हतं. उथळ बाजूला, छातीएवढ्या पाण्यात, भिंतीची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून भावजय उभी होती. अंगावर कुणाचा तरी मागून आणलेला पोहण्याचा पोशाख होता.

“ताई, बघू नका माझ्याकडे.”

“काय चाललंय?”

“चरबी उतरवली तर घेऊ म्हणालेत. चालून माझे गुडघे सुजतात. म्हटलं, पाण्यात हात-पाय मारावेत.”

“पोहता येतं तुला?”

“इतकी वर्षं काठावरून पोरांना ओरडतेय. पाय नाही घातला कधी पाण्यात.” ती हसली, पण दात वाजत होते. “दांडी सुटत नाही हो हातातून.”

ताईंनी चपला काढल्या. साडी गुडघ्यापर्यंत घेऊन त्या पायरीवर बसल्या, पाय पाण्यात सोडले. पोहणं त्यांनाही येत नव्हतं. पण घाबरलेल्या माणसांबरोबर त्यांचा सगळा जन्म गेला होता.

“मी सांगेपर्यंत सोडू नकोस. खाली बघू नकोस. जिथं जायचंय तिथं बघ. माझ्याकडे बघ.”

पहिल्या दिवशी ती दांडीपासून पायरीपर्यंत चालत आली, पाण्यातून, हात पसरून. पायरीवर येऊन बसली तेव्हा धापा टाकत होती.

“ताई, मला आत एकटीला विचारलं होतं,” ती पाण्याकडे बघत म्हणाली. “नाही म्हणायचं असेल तर कुणाला कळू देणार नाही म्हणाले.”

“मग?”

“मी लगेच हो नाही म्हटलं. पोट फाडणार, मी उठले नाही तर? घरी आले, तर हे दाराशी उभे. कुलपात किल्ली उलटी घालत होते. परत काढून परत उलटीच. माझ्यावर चिडले नाहीत, कुलपावरही नाहीत. नुसते घालत होते.” तिने तोंडावरून हात फिरवला. “दुसऱ्या दिवशी जाऊन हो सांगितलं.”

ताई कशासाठी आल्या होत्या ते त्यांनी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

पुढे दुपारची सुट्टी ताईंनी तलावालाच दिली. भावजयीचं जेवण त्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे स्वतः बांधून आणत. ती खाताना तोंड वाकडं करी आणि सगळं संपवी. दोन-अडीच महिन्यांत ती तलावाची रुंदी पोहू लागली, आणि नवं स्कॅन बघून डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली. धाकटा तेवढे दिवस कसाबसा तगला.

ऑपरेशनला सकाळपासून संध्याकाळ झाली. दोघं दोन वेगळ्या खोल्यांत, आणि ताई मधल्या जिन्यावर.

चौथ्या दिवशी धाकट्याच्या डोळ्यांतला पिवळेपणा उतरायला लागला. तोंडाला मास्क बांधून ताई आत गेल्या तेव्हा तो म्हणाला, “ताई, पोटात सारखं कुणीतरी ओरडतंय. नक्की तिचंच बसवलंय.”

ताईंनी हे तिच्या खोलीत जाऊन सांगितलं. तिने उशी पोटाशी आवळून धरली. “असलं काही सांगू नका. टाके ओढतात,” म्हणाली, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

ती घरी आली. तो येणार येणार म्हणताना त्याच्या छातीत जंतुसंसर्ग झाला. नवं यकृत शरीराने नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधांनी त्याची ताकदच काढून घेतली होती. पंधरवडाभर डॉक्टर झुंजले. मग तो गेला.

भावजय तेव्हा रडली नाही. संध्याकाळी ताईंना म्हणाली, “मी दिलेलं कमी पडलं असेल का हो?”

ताई दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेल्या आणि विचारून आल्या.

“शेवटपर्यंत चांगलं चालत होतं,” त्यांनी तिला सांगितलं. “फुप्फुसं थकली. तुझं नाही थकलं.”

तिने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. ताईंनी पुन्हा सांगितलं.

काही महिन्यांनी दोघींची तपासणी एकाच दिवशी आली. आधी भावजयीची सोनोग्राफी झाली. पडद्याकडे बघत डॉक्टर म्हणाले, “छान. जवळपास पहिल्याएवढं भरून आलंय. यकृत असं परत वाढतं.”

“हो का,” ती म्हणाली. पोटावरचं जेल तिने कागदाने सावकाश पुसलं आणि बाहेर आली.

मग ताईंचा नंबर लागला. आत जाताना त्यांनी पर्स, चष्मा आणि गोळ्यांची डबी तिच्याकडे दिली. दाराशी बसलेल्या मुलीने विचारलं, “बरोबर कोण आहे? पेशंटच्या कोण तुम्ही?”

भावजयीने डबी पर्समध्ये टाकली.

“भावजय,” ती म्हणाली. त्या मुलीला ऐकू गेलं नाही, म्हणून तलावावरच्या आवाजात पुन्हा म्हणाली. बाकावरची माणसं वळून बघायला लागली. ती दाराच्या अगदी जवळच्या खुर्चीत बसली, आणि ताईंचा चष्मा दाबला जाऊ नये म्हणून तो तिने हातातच धरून ठेवला.